आईच्या फायलीतले चार कागद

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी देवघराशेजारच्या कपाटात आईची एक निळी फाइल असते. तिला मधुमेह असल्याचे कळले तेव्हापासूनचे, म्हणजे जवळपास पंधरा वर्षांचे, सारे कागद तिच्यात आहेत. २०२४ च्या जून महिन्यात एका रविवारी दुपारी मी ती फाइल जेवणाच्या टेबलावर उघडली आणि तिच्यातून रक्ततपासणीचे चार अहवाल काढून तारखेप्रमाणे एका ओळीत मांडले. २०१९ साली आईचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठू लागणारे टाकाऊ द्रव्य, ०.८ होते, २०२१ साली ०.९, २०२३ साली १.१ आणि त्याच आठवड्यात आलेल्या अहवालात १.४. पहिल्या तीन अहवालांवर प्रयोगशाळेने कसलीही खूण केलेली नव्हती, कारण त्यांच्या छापील मर्यादेप्रमाणे ०.६ ते १.२ ही पातळी ठीकच होती. चौथ्या अहवालावर तो आकडा पहिल्यांदा ठळक छापून आला होता.

मी एका पतसंस्थेत बावीस वर्षांपासून हिशेब तपासण्याचे काम करतो. एखाद्या खात्याची थकबाकी दर तिमाहीला थोडीथोडी वाढत असेल, तर ती मर्यादेच्या आत असतानाच मी शेजारी लाल शाईने टीप लिहितो, कारण आकडा एकटा काही सांगत नाही, त्याच्या आधीचे आकडे शेजारी ठेवले की तो बोलू लागतो. घरी मात्र प्रत्येक अहवाल मी सुटा वाचला, ‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून हायसे वाटले आणि कागद फायलीत गेला. या गोष्टीचे मला फार वाईट वाटते, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. किडनीच्या आजाराची अगदी सुरुवातीची खूण बहुतेकदा अंगावर दिसत नाही, ती अशा कागदांच्या ओळीत दिसते. अंगावर ज्या खुणा दिसतात त्या थोड्या उशिराच्या असतात, आणि त्यांनासुद्धा आपल्या घरात आधीपासून दुसरी नावे ठेवलेली असतात.

मूत्रपिंडे इतका काळ गप्प का राहतात, हे मला तज्ज्ञ डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कुठे उमगले. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे पाणी, मीठ व उपयोगी द्रव्ये रक्तात परत घेऊन जेमतेम दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम अंगावर घेतात. एकत्र कुटुंबात एक भाऊ आजारी पडला तर बाकीचे त्याच्या वाटणीचे शेत कसतात आणि बाहेरच्या माणसाला काही कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून निम्मी क्षमता संपेपर्यंत माणसाला काहीही न जाणवणे अगदी शक्य असते. पण जास्तीच्या भाराने उरलेल्या गाळण्याही लवकर थकतात, आणि एकदा गेलेली गाळणी परत येत नाही.

आता त्या दुसऱ्या नावांविषयी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवीन नाही, आणि या उन्हाने आपल्या बोलण्यात एक शब्द पक्का बसवला आहे: उन्हाळी. लघवीला जळजळ झाली, रंग गडद आला, लघवी कमी झाली किंवा वारंवार जावे लागले, तर ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि सब्जा, धन्या-जिऱ्याचे पाणी किंवा वाळ्याचे सरबत घ्यायचे. बहुतेक वेळा ती खरोखर उन्हाळीच असते आणि दोन दिवस नीट पाणी पोटात गेले की उतरते. त्या घरगुती उपायांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, मीही लहानपणापासून तेच पीत आलो आहे. पण आईची उन्हाळी पावसाळ्यातही राहिली, दिवाळीतही राहिली, आणि तरी आमच्या घरात तिचे नाव बदलले नाही. ज्या तक्रारीला ऋतूचे नाव दिले आहे ती ऋतू संपल्यावरही टिकून असेल, तर ती त्या ऋतूची नाही, एवढा साधा विचार आम्हा कुणाच्याच मनात आला नाही.

तीच गत रात्रीच्या उठण्याची झाली. पूर्वी रात्रीतून फार तर एकदा उठणारी आई तीनदा, कधी चारदा उठू लागली होती. मोरीच्या दिव्याच्या बटणाचा आवाज माझ्या खोलीत ऐकू येतो, म्हणून मला ते माहीत होते. विचारले तर ती म्हणायची, ‘अरे, साखर आहे ना, वयही झालं.’ साखर वाढल्याने लघवी जास्त होते हे खरे आहे, पण त्या वर्षी तिची साखर तशी काबूत होती. निरोगी मूत्रपिंडे रात्री दाट लघवी कमी प्रमाणात बनवतात. ही दाट करण्याची ताकद आजारात कमी होऊ लागते आणि मग रात्रीही पातळ लघवी दिवसासारखीच होत राहते. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही असेच होते, त्यामुळे कारण तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. आईने यावर शोधलेला उपाय असा होता की ती संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नसे. ऐन मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यात, रात्रभर पाण्याविना राहिल्याने तिच्या किडन्यांवर आणखी ताण पडत होता, आणि आम्ही तिला शिस्तीची म्हणत होतो.

सूज प्रथम माझ्या पत्नीच्या लक्षात आली, आणि तीही जोडव्यांमुळे. आईची चांदीची जोडवी चाळीस वर्षांत कधी घट्ट झाली नव्हती. एका संध्याकाळी पाय धुताना ती निघेनात, साबण लावून काढावी लागली, आणि काढल्यावर बोटाभोवती खोल लाल वळ राहिला. पत्नीने नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबून पाहिले. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा पडला आणि तो भरून यायला चांगला वेळ लागला. सकाळी मात्र पाय बरेच उतरलेले असत आणि डोळ्यांखाली फुगवटा दिसे, जो आम्ही झोप न झाल्याचा समजत होतो. शरीरात मीठ आणि पाणी साठू लागले की दिवसभर उभे राहिल्याने ते पायांत उतरते आणि रात्री आडवे झाल्यावर चेहऱ्याकडे, विशेषतः पापण्यांच्या सैल कातडीत, जमते. सूज हृदयाच्या किंवा यकृताच्या आजारानेही येते, आणि रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोट्याशी येते. आई तीच गोळी घेत होती, म्हणून ‘गोळीची सूज आहे’ असे सांगण्यात आले आणि आम्ही ते मान्य केले. सांगणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण तिथेच थांबणे चुकीचे होते. त्या दिवशी लघवीची एक तपासणी झाली असती तर आमचे एक वर्ष वाचले असते असे मला अजून वाटते.

फेसाची गोष्ट तर तिने कुणाला सांगितलीच नव्हती. ती सुनेजवळ बोलली तेव्हा आवाज खाली करून बोलली, कारण आपल्याकडच्या तिच्या वयाच्या बायकांना लघवीविषयी बोलणे हे अजूनही लाज सोडल्यासारखे वाटते. लघवीची धार जोराची असली की फेस येतोच, पण तो क्षणात विरतो. लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन जाऊ लागले की येणारा फेस अंड्याचा पांढरा बलक फेटल्यासारखा, बारीक बुडबुड्यांचा असतो आणि पाणी ओतल्यावरही लवकर हटत नाही. आई एक तांब्या ओतायची तिथे दोन-तीन ओतू लागली होती, आणि हे जवळपास आठ महिने चालले होते. भांड्यात आधीच साबणाचे पाणी असेल तर फसगत होऊ शकते, म्हणून दोन-चार दिवस लक्ष ठेवावे. तरीही फेस राहत असेल तर संकोच न करता घरात सांगावे, आणि घरातल्यांनी तो विषय हसण्यावारी नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाकीच्या खुणा मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतल्या बहुतेक उशिरा येतात. किडनी रक्त तयार करण्यासाठी लागणारे एक संप्रेरक बनवते. ते कमी पडले की हिमोग्लोबिन उतरते, माणूस जिना चढताना दमतो आणि चेहरा फिका पडतो. पुढे भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते, सकाळी मळमळते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पुरळ नसताना अंगभर खाज सुटते. आटोक्यात असलेला रक्तदाब अचानक ऐकेनासा होणे ही त्यामानाने लवकर दिसणारी आणि फार महत्त्वाची खूण आहे. आणखी एक खूण अशी आहे की तिचा लोक आनंद मानतात. आमच्या एका नातेवाइकांची मधुमेहाची साखर औषध न वाढवता आपोआप उतरू लागली, इन्शुलिन कमी करावे लागले, आणि घरात सगळ्यांना वाटले की पथ्याला यश आले. वास्तविक किडन्या मंदावल्याने इन्शुलिन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागत होता आणि ते जास्त काळ काम करत होते. आज ते आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास, डायलिसिसवर असतात.

या सगळ्यात कमरेचे दुखणे कुठेच नाही, हे लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडे किडनी म्हटले की माणूस कमरेवर हात ठेवतो, कारण मूतखड्याच्या कळा आपण पाहिलेल्या असतात. खडा दुखतो. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने हळूहळू झिजणारी किडनी मात्र दुखत नाही, म्हणून ‘माझी कंबर दुखत नाही, म्हणजे किडनी चांगली आहे’ या समजुतीला काहीही आधार नाही.

आता तपासणीकडे वळतो. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारे द्रव्य आहे, त्यामुळे ज्याच्या अंगावर स्नायू कमी त्याच्या रक्तात ते मुळात कमी बनते. माझ्या आईचे वजन सत्तेचाळीस किलो आहे. तिच्या २०२३ च्या १.१ या आकड्यावर खूण नव्हती, पण वय आणि लिंग हिशेबात धरून ईजीएफआर काढला, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज बांधला, तर तो सुमारे ५५ येतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन तेवढेच १.१ असेल तर त्याचा वेग ९५ च्या आसपास असतो. कागदावर आकडा एकच, पण एकाची किडनी उत्तम आणि दुसरीची अर्ध्यावर आलेली. हा वेग ६० च्या खाली तीन महिने किंवा अधिक काळ राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात, आणि १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. आईचा वेग २०१९ साली ८२ च्या घरात होता आणि २०२४ साली ४१ वर आला होता. पाच वर्षांत निम्मा. त्या दुपारी मी हे आकडे पेन्सिलने प्रत्येक अहवालाच्या कोपऱ्यात लिहिले, आणि चौथा लिहिताना माझा हात थांबला.

पण रक्ताच्याही आधी लघवी सांगते. लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी असलेले प्रमाण मोजणारी एक तपासणी असते, प्रयोगशाळेत तिला एसीआर म्हणतात. सकाळचा थोडासा नमुना पुरतो. हे प्रमाण ३० च्या आत असेल तर चांगले, ३० ते ३०० म्हणजे गाळणीची जाळी विरू लागली आहे, आणि ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी आहे. नेहमीच्या लघवी तपासणीत पट्टी बुडवून पाहतात, तिच्यात थोडे अल्ब्युमिन दिसत नाही. आईच्या जुन्या अहवालांत ‘प्रथिन: नाही’ असे लिहिलेले होते, ते याच कारणाने. ताप, लघवीचा संसर्ग किंवा अतिश्रमानंतर हे प्रमाण तात्पुरते वाढते, म्हणून एकदा जास्त आले की घाबरून जाऊ नये, पण तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासल्याशिवाय सोडूही नये. आईची ही तपासणी पंधरा वर्षांत एकदाही झालेली नव्हती. पहिल्यांदा झाली तेव्हा ३१० आली.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी निदान झाल्यापासूनच दर वर्षी रक्ताचा ईजीएफआर आणि लघवीचा एसीआर या दोन्ही तपासण्या कराव्यात. रक्तदाब असलेल्यांनी, हृदयविकार झालेल्यांनी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी आणि वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनीही त्या करून घ्याव्यात. आपल्या विदर्भात आणखी एका गटाचा उल्लेख करायलाच हवा, तो म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण. या आजारात लघवी दाट करण्याची ताकद लहान वयातच कमी होते, मुले मोठी होऊनही अंथरूण ओले करतात, आणि कधी वेदना नसताना लघवीतून रक्त जाते. त्यांचे क्रिएटिनिन मुळात कमी असल्याने ते बराच काळ फसवे राहते, त्यामुळे त्यांच्यासाठी लघवीची तपासणी अधिकच गरजेची ठरते. या तपासण्यांसाठी मोठ्या रुग्णालयातच जावे असे नाही. क्रिएटिनिन गल्लीतल्या प्रयोगशाळेतही होते, आणि पुढची गरज पडली तर आपल्या मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनीविकारांचा स्वतंत्र विभाग आहे.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची अर्धी-अर्धी संपलेली पाच पाने. गुडघे दुखतात म्हणून ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ती मागवत असे आणि आठवड्यातून चार-पाच घेत असे. अशा गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा घटवतात. अंगातले पाणी कमी झालेले असेल आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्याही चालू असतील, तर धोका कितीतरी वाढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हे तिन्ही एकत्र येणे किती सोपे आहे याचा विचार करा. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बंद केलेली गोष्ट हीच होती. ‘काकू, गुडघ्याला शेक द्या, व्यायाम करा, दुसरी गोळी मी लिहून देतो, पण ही आता घरात ठेवायची नाही,’ असे त्यांनी सांगितले. किडनी साफ करणाऱ्या काढ्यांविषयी मी विचारले, तर त्यांनी घटक माहीत नसलेले काहीही घेऊ नका असे बजावले, कारण काही भस्मांत आणि काढ्यांत शिसे, पारा असे जड धातू सापडतात. भरपूर पाणी प्यायल्याने झिजलेली किडनी सुधारते, हाही गैरसमज निघाला. तहानेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे पुरेसे पाणी प्यावे, पण सूज असणाऱ्याने किती प्यावे ते डॉक्टरांनाच विचारावे.

मिठाचे काम सर्वांत कठीण गेले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून चहाचा सपाट चमचाभर मीठ. आमच्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळतात, आणि पापडखारातही सोडियमच असते हे पत्नीला व आईला पटवायला दोन आठवडे लागले. संत्री मात्र बंद झाली नाहीत. आईच्या रक्तातले पोटॅशियम वाढलेले नव्हते, आणि ते वाढलेले नसेल तर सुरुवातीच्या टप्प्यात फळे तोडण्याची गरज नसते. ऐकीव माहितीवर फळे आणि डाळी सोडून अशक्त झालेली माणसे मी रुग्णालयाच्या बाकावर पाहिली आहेत.

रक्तदाब १३० बाय ८० च्या खाली ठेवायचा, साखर सांभाळायची, लघवीतली प्रथिनांची गळती कमी करणारी रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहासाठी आलेल्या पण किडनीलाही जपणाऱ्या नव्या गटातली एक गोळी घ्यायची, असा उपचार सुरू झाला. गेलेल्या गाळण्या परत येणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि उरलेल्या पुष्कळ वर्षे टिकवता येतील हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मात्र लघवी एकदम फार कमी झाली, लघवीतून रक्त गेले, आडवे झाल्यावर दम लागला, उलट्या थांबेनाशा झाल्या किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे, असे त्यांनी आम्हाला बजावून ठेवले आहे.

निळ्या फायलीच्या पहिल्या पानावर मी आता ताळेबंदासारखा एक तक्ता चिकटवला आहे: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, रक्तदाब, वजन. शेवटच्या ओळीत १.३, ४४ आणि १४० हे आकडे आहेत. अहवाल आणला की आई चष्मा लावून आधी स्वतः तक्ता पाहते आणि मग मला लिहायला सांगते. जोडवी तिने पुन्हा घातली आहेत. मलाही सहा वर्षांपासून रक्तदाब आहे, म्हणून मागच्या महिन्यात तिच्याबरोबर मीही नमुना दिला. माझा एसीआर ४२ आला आहे. तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा करायचा आहे, आणि ती तारीख आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या नावासकट लिहून ठेवली आहे.